टर्रकन फाडलेला कागद, पण माउसने

संगणकावरच्या चिकटवहीच्या, म्हणजे स्क्रॅपबुकच्या, पानासाठी फाटका कागद बनवायचा आहे. पण संगणक सुरू करण्याआधी घरातली एखादी जुनी लग्नपत्रिका शोधा. नसेल तर एका बाजूनं रंगीत असलेला घोटीव कागद चालेल. रंगीत बाजू वर धरून तो टर्रकन फाडा आणि दोन्ही तुकडे शेजारी ठेवून कडा नीट बघा. एका तुकड्यावर रंग संपल्यानंतर पांढरी, लवदार किनार दिसेल. दुसऱ्यावर समोरून जवळजवळ काहीच दिसणार नाही, कारण त्याची पांढरी किनार मागच्या बाजूला गेलेली असते. कागद फाटतो तेव्हा तो कात्रीनं कापल्यासारखा उभा तुटत नाही, तिरका सोलला जातो. रंग फक्त वरच्या पापुद्र्यावर असतो, म्हणून आतला पांढरा गर उघडा पडतो.

थोडक्यात, फाटकी कड म्हणजे दोन रेघा. एक जिथे रंग संपतो ती, दुसरी जिथे कागद संपतो ती, आणि या दोन्ही एकमेकींना समांतर धावत नाहीत. डिजिटल चिकटवहीतले बहुतेक फाटके कागद खोटे दिसतात, कारण करणाऱ्यानं एकच रेघ काढलेली असते आणि तिच्याभोवती सगळीकडे सारख्या जाडीची पांढरी पट्टी दिलेली असते. मग तो कागद वहीवर डकवलेल्या स्टिकरसारखा दिसतो.

आता एक वर्तमानपत्र घ्या. पान आधी वरून खाली फाडा, मग आडवं फाडा. वरून खाली ते बऱ्यापैकी सरळ फाटत जातं, आडवं फाडताना वाकडंतिकडं होतं. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले बरेचसे तंतू एका दिशेला लागतात, त्यांच्या दिशेनं फाडलं की कागद मुकाट्यानं ऐकतो. हातकागदात तंतू सगळ्या दिशांना पसरलेले असल्यानं तो कुठूनही फाडला तरी झिपऱ्या निघतात. हे लक्षात ठेवा, कारण पानावरच्या दोन कागदांच्या कडा हुबेहूब सारख्या खडबडीत असल्या की डोळा लगेच फसवणूक पकडतो.

काय बनवायचं आणि कशात

सरावासाठी मी एक ठरावीक पान घेते: पुतणीचा पहिला ट्रेक, राजगड. मधे तिचा गुंजवण्याहून चढतानाचा फोटो आणि खाली फाटक्या कागदाच्या तीन आडव्या पट्ट्या एकीवर एक, म्हणजे सह्याद्रीच्या रांगा. सगळ्यात मागची फिकट राखाडी-निळी, मधली मळकट हिरवी, पुढची गडद तपकिरी. फाटलेल्या कडेची पांढरी किनार रांगांमधल्या धुक्याचं काम आपोआप करते. पट्टीची फक्त वरची कड फाडायची असल्यानं शिकायलाही हे सोपं पडतं.

चित्रं आणि फोटो बदलण्याचं सॉफ्टवेअर गिंप. ते फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि जुन्या लॅपटॉपवरही फार कुरकुर करत नाही. तुमच्याकडे फोटोशॉप किंवा क्रिता असेल तर मेनूंची नावं बदलतील, विचार तोच राहील. कॅनव्हा या संकेतस्थळासारख्या ठिकाणी फाटके कागद तयारच मिळतात. घाई असेल तर ते वापरा, पण तेच चार कागद सगळ्यांच्या पानांवर दिसतात.

कॅनव्हास, आणि एक हिशेब

चिकटवहीचं पारंपरिक मोठं पान 12 इंच बाय 12 इंच असतं. छपाईसाठी इंचाला 300 पिक्सेल धरले की ते 3600 बाय 3600 होतं. आपण 3800 बाय 3800 चा कॅनव्हास, म्हणजे काम करायचं कोरं पान, घेऊ आणि रेझोल्यूशन 300 ठेवू. चारी बाजूंची 100 पिक्सेलची जादा जागा शेवटी कापायची आहे. फाटक्या पट्ट्या पानाच्या कडेबाहेर जायला हव्यात, आणि छपाईवाले चारी बाजूंना साधारण 3 मिलिमीटर जास्तीचे मागतात तेही यातून निघतात.

हिशेब असा: 300 रेझोल्यूशनला 12 पिक्सेल म्हणजे जवळपास 1 मिलिमीटर. हा आकडा चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवा. मघाशी फाडलेल्या पत्रिकेची पांढरी किनार मोजपट्टीनं मोजा. साध्या कागदाची 1 ते 3 मिलिमीटर भरेल, म्हणजे 12 ते 36 पिक्सेल. जाड कार्डशीटची त्याहून रुंद असते. नवीन माणूस 400 टक्के झूम करून एकेक तंतू रंगवत बसतो आणि छापून आल्यावर त्यातलं काही दिसत नाही. काम 100 टक्क्यांवर करा, आणि दर थोड्या वेळानं सगळं पान एकदम बघा.

पोत

सपाट रंगाची पट्टी कितीही छान फाडली तरी ती प्लॅस्टिकच दिसते. कागदाला पोत हवा, आणि तो मिळवण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे खरा कागद स्कॅन करणं. पुस्तकांना घालायचा खाकी कागद, पतंगाचा कागद, जुन्या वहीचं पिवळं पडलेलं कोरं पान, मिठाईच्या खोक्याची आतली बाजू, सगळं उपयोगी पडतं. हातकागद मिळाला तर उत्तमच. पुण्याची हातकागद संस्था किंवा दौलताबादजवळचं कागजीपुरा इथल्या कागदात तंतू नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मी पुण्याला गेले की चार-पाच वेगवेगळे तुकडे घेऊन येते, एकेक तुकडा वर्षानुवर्षं पुरतो.

ए-4 कागद 300 ला स्कॅन केला की 2480 बाय 3508 पिक्सेल मिळतात. आपली पट्टी 3800 रुंद आहे, म्हणून स्कॅन 400 किंवा 600 ला करा आणि नंतर हवा तेवढा लहान करा. उलट करू नका. लहान स्कॅन ताणून मोठा केला की तंतू सुतळीएवढे जाड होतात. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ कागद सपाट ठेवून बरोबर वरून मोबाइलनं फोटो काढा. खिडकीचा उजेड एका बाजूनं येत असल्यानं पोत उलट जास्तच उठून दिसतो. फ्लॅश मात्र बंद ठेवा, तो सगळा उठाव सपाट करून टाकतो.

स्कॅनही नको असेल तर पोत गिंपमध्येच बनवता येतो. नवीन लेअर घ्या, म्हणजे चित्राचा एकावर एक ठेवता येणारा थर. फिल्टर्स मेनूत रेंडर, त्यात नॉइज, त्यात सॉलिड नॉइज. डिटेल आणि दोन्ही साइझ वाढवा, ढगाळ करडं चित्र येईल. मग फिल्टर्समधलं डिस्टॉर्ट्स, त्यात एम्बॉस. अ‍ॅझिमथचा आकडा असा फिरवा की उजेड डाव्या वरच्या कोपऱ्यातून येतोय असं वाटेल. हा करडा लेअर रंगीत लेअरच्या वर ठेवून मोड, म्हणजे तो खालच्यात कसा मिसळायचा ते, ग्रेन मर्ज करा आणि अपारदर्शकता 15 ते 25 टक्क्यांवर आणा. ग्रेन मर्जमध्ये मधला करडा रंग खालच्याला हात लावत नाही, त्याहून उजळ ठिपके उजळवतात आणि गडद ठिपके काळवंडवतात. म्हणून रंग तोच राहून खडबडीतपणा तेवढा येतो. अपारदर्शकता 60 वर नेण्याचा मोह होईल. तसं केलंत तर कागदाऐवजी सिमेंटची भिंत मिळेल.

तिन्ही पट्ट्यांचा पोत वेगळा ठेवा. तोच स्कॅन वापरायचा असेल तर निदान आडवा-उभा फिरवून घ्या.

पहिली रेघ: जिथे रंग संपतो

मागच्या पट्टीपासून सुरू करू. रंग आणि पोत असलेला लेअर निवडा. फ्री सिलेक्ट, म्हणजे लॅसो, हातात घ्या आणि डोंगराची कडा काढल्यासारखी वरची रेघ एका दमात ओढा. मग कॅनव्हासच्या खालून वळसा घालून पट्टी बंद करा. हात थरथरला तर उत्तम. रेघ सुबक काढायला गेलात की ती कात्रीची होते. खरा कागद फाटताना दोन-तीन इंच सरळ जातो, मग अचानक घसरतो, तिथे आपण पकड बदललेली असते. तशा दोन घसरणी मुद्दाम ठेवा.

आता सिलेक्ट मेनूतलं डिस्टॉर्ट. इथे स्प्रेड आणि ग्रॅन्युलॅरिटी हे दोन आकडे महत्त्वाचे. स्प्रेड म्हणजे कड किती विस्कटायची, ग्रॅन्युलॅरिटी म्हणजे विस्कटण्याचे ढेकळे किती मोठे. पहिल्यांदा स्प्रेड 8, ग्रॅन्युलॅरिटी 4 देऊन चालवा, मोठे दाते येतील. मग लगेच दुसऱ्यांदा, स्प्रेड 3 आणि ग्रॅन्युलॅरिटी 1, म्हणजे बारीक कुसळं येतील. एकदाच चालवलेली कड सगळीकडे एकाच मापाची दिसते. दोनदा चालवल्यावर तिच्यात थोडी अनागोंदी येते, आणि आपल्याला तीच हवी. सह्याद्रीच्या रांगेला मोठे दाते थोडे जास्त चालतात, पण वर्तमानपत्राचं कात्रण करत असाल तर पहिला आकडा निम्म्यावर आणा.

ही निवड, म्हणजे लॅसोनं घेरलेला भाग, पुन्हा लागणार आहे, म्हणून सिलेक्ट मेनूतून ती चॅनेल नावाच्या साठवणीत जपून ठेवा. हे विसरलात तर पुढच्या पायरीला सगळं परत करावं लागेल. मी तीनदा विसरले आहे.

मग लेअरवर उजवी टिचकी, अ‍ॅड लेअर मास्क, त्यात सिलेक्शन निवडा. पट्टी फाटली. कागद खरं तर पुसलेला नाही, फक्त झाकलेला आहे. मास्कवर पांढऱ्यानं रंगवलं की तो परत दिसतो, काळ्यानं रंगवलं की लपतो. खोडरबरानं थेट कागद खोडणाऱ्यांना ही चैन नसते. कडेपासून सुटून हवेत तरंगणारे ठिपके दिसले तर मास्कवर काळ्या ब्रशनं पुसून टाका.

दुसरी रेघ: पांढरा गर

खरं काम इथे आहे, घाई करू नका.

रंगीत लेअरच्या खाली नवीन लेअर घ्या, नाव द्या गर. जपून ठेवलेल्या चॅनेलवर उजवी टिचकी करून निवड परत आणा. सिलेक्ट मेनूतून ग्रो, 20 पिक्सेल, म्हणजे निवड तेवढी बाहेर वाढेल. इथेच थांबून पांढरा रंग भरला तर तो मघाचा स्टिकर तयार होतो. म्हणून ग्रो केल्यावर डिस्टॉर्ट पुन्हा चालवा, आणि आकडे मुद्दाम वेगळे द्या: स्प्रेड 12, ग्रॅन्युलॅरिटी 3. दुसरी रेघ पहिलीपासून कुठे लांब जाते, कुठे तिला चिकटते. मग रंग भरा. शुभ्र पांढरा नको, कागदाचा गर कधीच इतका पांढरा नसतो. लाल 244, हिरवा 239, निळा 230 हा मला बरा वाटतो. खाकी कागदाला मात्र गर पांढरा नसतोच, तो रंगानं आतपर्यंत तपकिरी असतो, म्हणून तिथे पट्टीच्याच रंगाची थोडी उजळ छटा घ्या.

आता गर लेअरला पांढरा मास्क लावा आणि हातानं काम करा. ब्रशांमध्ये चॉक नावाचे खडूसारखे ब्रश आहेत, त्यातला एक घ्या, आकार 30 ते 40, आणि टूल ऑप्शन्समध्ये अप्लाय जिटर चालू करा. काळ्या रंगानं दोन-तीन ठिकाणी गर इतका आत ढकला की तो रंगीत पापुद्र्याच्या मागे पूर्ण दडेल. मघाशी जिथे घसरणी ठेवल्या होत्या तिथे उलट करा: रंगीत लेअरच्या मास्कवर जाऊन रंग थोडा मागे सारा, म्हणजे गर तिथे 4 मिलिमीटरपर्यंत उघडा पडेल. कागद जोरात ओढला गेला तिथे तो जास्त सोलला जाणारच. शेवटी ब्रशची अपारदर्शकता 40 टक्के करून रंगाच्या कडेवर चार-सहा हलके फटकारे मारा. रंगाचे अर्धवट सुटलेले पापुद्रे दिसतील.

गरालाही पोत हवा. फिल्टर्स, नॉइज, आरजीबी नॉइज, अगदी थोडा. किंवा हातकागदाचा स्कॅन वर ठेवून तोच ग्रेन मर्ज.

पत्रिकेचा फाटका तुकडा अजून टेबलावर असेल. तो स्क्रीनशेजारी धरा. माझ्या अनुभवात पहिल्या वेळी गर नेहमी जास्त रुंद झालेला असतो.

सावली, आणि एका पानावरचे दोन सूर्य

सावलीसाठी तयार फिल्टर आहे, पण तो लेअरवरच्या मूळ रंगाकडे बघतो, मास्ककडे नाही. त्यामुळे नवखे लोक सावली गेली कुठे म्हणून शोधत बसतात. हातानं केलेली बरी. गर लेअरच्या मास्कवरून नाही, मूळ आकारावरूनच निवड घ्या, म्हणजे अल्फा टू सिलेक्शन. किंचित फरक पडतो, सावलीत तो कळत नाही. गराच्या खाली नवीन लेअर घेऊन गडद तपकिरी भरा. काळा नको, काळी सावली काजळी लागल्यासारखी दिसते. मग निवड रद्द करा, आणि त्यानंतरच गॉशियन ब्लर 15 ते 20 चालवा. निवड तशीच राहिली तर ब्लर तिच्या आतच अडकतो आणि बाहेर काही पसरत नाही. मोड मल्टिप्लाय, अपारदर्शकता 40 टक्के.

पुढची पायरी कुठेही वाचलीत तरी सांगतील, सावली थोडी खाली आणि उजवीकडे सरकवा. फोटोसाठी हे बरोबर आहे. आपल्या पट्ट्यांना नाही. पट्टीची फाटकी कड वर आहे आणि उजेडही वरूनच येतोय, त्यामुळे खाली सरकवलेली सावली पट्टीच्याच मागे गडप होते. पहिल्यांदा हे पान करताना मी वैतागून पट्ट्यांची सावली वर सरकवली आणि फोटोची खालीच ठेवली. पान छान दिसत होतं. छापून आल्यावर वहिनी म्हणाली, काहीतरी खटकतंय, पण काय ते सांगता येत नाही. एका पानावर दोन सूर्य उगवले होते.

उपाय साधा आहे: पट्टीची सावली सरकवूच नका, जिथे आहे तिथेच पसरू द्या. ब्लरमुळे ती वरच्या कडेबाहेर 1 मिलिमीटरभर डोकावते, तेवढी पुरते. बाकीचा उठाव पांढरा गर देतो. रंगाच्या पापुद्र्याची सावली गरावर पाडायची का, तेही यावरूनच ठरतं. वरच्या कडेला नको, तिथे उलट उजेड पडतो. पण पुढे कधी एखाद्या कागदाची खालची कड फाडलीत तर गरावर पापुद्र्याची केसाएवढी सावली पाडा, 2 पिक्सेल खाली, ब्लर 3, अपारदर्शकता 30.

रंग, गर आणि सावली हे तिन्ही एका लेअर ग्रुपमध्ये टाका, पोताचा लेअर असेल तर तोही. उरलेल्या दोन पट्ट्यांसाठी हेच सगळं परत करा. ग्रुपची नक्कल करून रंग बदलण्याचा आळस करू नका, दोन रांगांचे दाते एकसारखे आले की लगेच कळतं. मागच्या पट्टीचा गर थोडा रुंद आणि सावली फिकी ठेवा, पुढचीचा गर अरुंद आणि सावली गडद. लांबचे डोंगर असेच धुक्यात जास्त बुडालेले असतात.

आळशी माणसाचा रस्ता

खरं तर हा मला जास्त आवडतो. खरोखरचा कागद फाडा आणि तोच स्कॅन करा. एकच खबरदारी: स्कॅनरच्या झाकणाची आतली बाजू पांढरी असते, तिच्यावर पांढरा गर दिसत नाही. म्हणून कागदाच्या मागे काळी कार्डशीट ठेवा. आलेलं चित्र डीसॅच्युरेट करा, म्हणजे त्यातला रंग काढून टाका, लेव्हल्सनं काळं पूर्ण काळं आणि कागद पूर्ण पांढरा करा, कॉपी करा. मग आपल्या पट्टीच्या मास्कवर टिचकी मारून पेस्ट करा आणि अँकर दाबा, म्हणजे ते मास्कमध्ये पक्कं बसेल. मास्कला पांढरं म्हणजे दिसणारं, त्यामुळे तुमच्या हातांनी फाडलेली कड जशीच्या तशी पट्टीला मिळते. गरासाठी अर्थातच दुसरा कागद फाडा. पाच-सहा वेगवेगळ्या कागदांच्या कडा एकदा स्कॅन करून ठेवल्या की वर्षभराची बेगमी होते.

फोटो स्वतः फाडायचा असेल तर चेहऱ्यांपासून दूर राहा. मी फोटोची फक्त खालची कड पुढच्या पट्टीखाली खुपसते. पुतणी त्या तपकिरी रांगेतून वर चढून येतेय असं वाटतं.

जपून ठेवणं

कामाची फाइल एक्ससीएफ म्हणून ठेवा, लेअर आणि मास्क त्यातच राहतात. सुट्या पट्ट्या दुसऱ्या पानांवर वापरायच्या असतील तर बाकीचे लेअर बंद करून पीएनजी काढा. जेपीजीमध्ये पारदर्शकता राहत नाही, फाटक्या कडेमागे पांढरा चौकोन येतो आणि सगळी मेहनत वाया जाते. छापायला देताना छपाईवाल्याला नेमकं माप विचारा, त्याप्रमाणे कडेची जादा जागा कापा आणि मगच जेपीजी करा. आणि पूर्ण पान छापण्याआधी कडेचा तळहाताएवढा तुकडा घरच्या प्रिंटरवर काढून बघा. बोट फिरवावंसं वाटलं तर पान पाठवून द्या.